बंबाच्या तांब्यावर धावलेली विंडले: नवेगाव बांधचे दोन दिवस

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जोसेफ सरांचा फोन आला. "मनीषा, पार्सल आलं. कधी निघायचं?"

मी कॅलेंडर न बघताच सांगितलं, "शनिवारी."

पार्सल कसलं, ते सांगायला हवं. माझ्याकडे विंडले नावाची एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स कार आहे. हिरवी, बुटकी, दोनच सीटची, वर छप्पर नसलेली. नागपूरच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात ती तुकड्यांत सापडली, आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या जोसेफ सरांच्या मदतीने मी ती तीन वर्षांत उभी केली. सरांकडेही एक विंडले आहे. ही गाडी बनवणारा इंग्लंडमधला कारखाना केव्हाच बंद पडला. पण जगभर विखुरलेले आमच्यासारखे काही वेडे इंटरनेटच्या एका फोरमवर रोज भेटतात आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: विंडले परत येईल का? गेल्या पावसाळ्यात बातमी आली की कुणीतरी ते नाव विकत घेतलंय आणि नव्या गाडीची तयारी चालू आहे. तेव्हापासून फोरमवर दिवाळी चालली होती.

आमच्या माहितीत विदर्भात तिसरी विंडले एकच होती. गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधला, रहांगडाले काकांच्या गुरांच्या कोठ्यात. बावीस वर्षं बंद. तिला हवं होतं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामध्ये बसणारं, भोकाभोकांचं पातळ पान. ते फाटलं की पाणी तेलात जातं आणि गाडी संपते. इंग्लंडमध्ये नर्स असलेल्या सरांच्या भाचीने एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून ते मिळवून पाठवलं होतं. पार्सल म्हणजे तेच.

शनिवारी सकाळी सहाला नागपूर सोडलं. जानेवारी, उघडी गाडी आणि पहाटेचा वारा. कानटोपी, मफलर, वर जॅकेट, तरी मौद्यापर्यंत बोटं स्टीअरिंगला चिकटून राहिली होती. कुणाला उघड्या गाडीने जायचं असेल तर आठनंतर निघा, आमचा शहाणपणा करू नका. भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलावर सूर्य वर आला आणि सरांनी मांडीवरचं पार्सल पहिल्यांदा सीटखाली ठेवलं. रायपूरकडे जाणारा हा महामार्ग चौपदरी आणि छान आहे, फक्त ट्रकवाले आमची गाडी बघायला वेग कमी करून शेजारून चालत होते. साकोलीला आलुबोंडा, तर्री आणि दोन-दोन चहा. तिथे गाडीभोवती माणसं जमली. एकाने विचारलं, "मॅडम, इसका छत कहां गया?" सर म्हणाले, "घर पे भूल गए."

कोहमाऱ्याला टाकी भरून घ्या आणि उजवीकडे वळा. इथून रस्ता अरुंद होतो आणि प्रवास खरा सुरू होतो. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये लाखोरी या डाळीचं पीक फुललं होतं, निळं निळं, गुडघ्याच्याही खाली, आणि आमची गाडी इतकी बुटकी की आम्ही त्या फुलांच्या उंचीवरूनच चाललो होतो. मध्ये सागाचं जंगल, मग एकदम डावीकडे पाणी चमकलं. नवेगावचा तलाव. सर हळूच म्हणाले, "मनीषा, हळू." आणि मी गाडी जवळजवळ थांबवलीच.

काका दारातच उभे होते. पंच्याहत्तरीचे, बारीक, धोतरावर स्वेटर.

"या बाप्पा या! सकारपासून वाट पाहून राहिलो."

त्यांच्या मागून काकू आल्या. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि दुसऱ्याच वाक्याला मुद्द्यावर आल्या. "पोरी, बावीस वर्षं झाले. पोरगा लहानाचा मोठा झाला, नोकरीले गेला, नातू झाला. हे धूड कोठ्यातच बसून आहे. मले धान ठेवाले जागा नाई. हायवेवरचा धाबेवाला मांगून राहिला, बाहेर शोभेले ठेवतो म्हन्ते. संक्रांतीवरी चालू झाली त ठीक, नाईतं देऊन टाकतो."

"कायले देऊन राहिली वो?" काका म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. संक्रांत आठ दिवसांवर होती.

जेवताना काकांनी गाडीची कथा सांगितली. ते तरुणपणी राईस मिलची इंजिनं दुरुस्त करायचे. सालेकशाच्या बाजूला तेंदूपत्त्याचा एक हौशी ठेकेदार होता, त्याने ही गाडी कुठूनशी आणली आणि जंगलातल्या चिखलात रुतवून ठेवली. रायपूरला कायमचा जाताना तो काकांना म्हणाला, घेऊन जा, तुलाच समजतं हिचं. काका ती चालवत घरी निघाले आणि वाटेतच गॅस्केट उडालं. गावात गाडी आली ती ट्रॅक्टरच्या मागे बांधून. काकांनी मास्तरांकडून इंग्रजीत पत्र लिहवून कारखान्याच्या पत्त्यावर पाठवलं. सहा महिन्यांनी उत्तर आलं. ते अजून त्यांच्याकडे होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. सरांनी मोठ्याने वाचलं: आमचं उत्पादन बंद झालं आहे, दिलगीर आहोत, पुन्हा सुरू झाल्यास आपणास अवश्य कळवू.

"म्हून थांबलो," काका म्हणाले. "कळवतो म्हन्लं न त्याईनं. गावातला मिस्त्री म्हने, घरीच पान कापून टाका. मी म्हन्लं, नाई. कंपनीचंच टाकन."

भात, लाखोरीचं वरण, वांगी, जवसाची चटणी. मी तिसऱ्यांदा भात घेतला आणि काकूंचा माझ्याबद्दलचा ग्रह बराच सुधारला.

मग आम्ही कोठ्यात गेलो. गाडी लाल होती, धुळीखाली. इंजिनाचं डोकं काढून कपड्यात गुंडाळलेलं, एकेक नट डब्यात, चाकं विटांवर उचलून जपलेली. सरांनी पार्सल फोडलं. काकांनी हात धोतराला पुसले, पान दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि इंजिनावर उतरवलं. इंजिनावरचे सगळे आट्यांचे खिळे बरोब्बर भोकांतून वर आले. मी टाळी वाजवली.

काका मात्र वाकून बघत राहिले. त्यांनी एका सिलेंडरच्या काठावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या.

"सर, हे पाहा बरं."

पानाची गोल भोकं या गाडीच्या सिलेंडरपेक्षा लहान होती. चहूबाजूंनी सूतभर कड आत येत होती. ती कड आगीत जळाली असती आणि पान तासाभरात पुन्हा गेलं असतं. आधीच्या, लहान इंजिनाच्या गाडीचं गॅस्केट होतं ते. कापून मोठं करावं, तर भोकांना पत्र्याची किनार होती. ती निघाली की पान कुचकामाचं.

सर उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर बसले. "माझी चूक. साल नीट विचारायला हवं होतं."

  काकू दारात उभ्या होत्या, आणि संक्रांतीचा विषय काढायची याहून चांगली वेळ नव्हती. त्यांनी तो काढला नाही. त्या कोठ्याच्या कोपऱ्यात गेल्या, पोती बाजूला केली आणि पाणी तापवायचा जुना तांब्याचा बंब ओढत आणला. तळाला गळका, काळा पडलेला.

"हे चालते का?"

"तुया माहेरचा आहे तो," काका म्हणाले.

"मंग काय झालं? दहा वर्षांपासून गळून राहिला. पान तांब्याचं बनते म्हने न तो मिस्त्री?"

सर घमेल्यावरून उठले. त्यांनी बंबाच्या अंगावर नख वाजवून पाहिलं, काठाची जाडी चिमटीत धरली आणि म्हणाले, "रहांगडालेजी, बनतं. रेल्वेत आम्ही बनवलंय."

काकांनी बंब फिरवून चहूबाजूंनी पाहिला. बावीस वर्षं ज्या कंपनीची वाट पाहिली, तिला बाजूला सारायचं होतं. शेवटी त्यांनी स्वेटर काढून खुंटीला टांगला. "आना छिन्नी."

बंब उभा चिरला, उलगडला, लाकडी फळीवर ठोकून सपाट केला. मग चुलीत लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला. असं केलं की तांबं मऊ होतं, सरांनी मला समजावलं. चुकीचं पान वर ठेवून खिळ्यांची आणि पाण्याची भोकं आखली. सिलेंडरची भोकं कंपासने, योग्य मापाची. अंधार पडायच्या आत अर्धी भोकं कापून झाली. रात्री राहायला आम्ही तलावाजवळच्या पर्यटक निवासात गेलो. खोल्या साध्या पण स्वच्छ. शनिवार-रविवारी गर्दी असते, आधी फोन करून ठेवा.

रविवारी उजाडता उजाडता मी तलावाच्या पाळीवर गेले. धुक्यातून मासेमारांचा एक डोंगा सरकत होता आणि त्याच्या पुढे पुढे बदकांचा थवा उठत होता, बसत होता. गावात मोबाईलवर इंटरनेट फक्त इथे मिळतं. फोन दोनदा थरथरला आणि फोरम उघडला. रात्रीतून दोनशेवर निरोप. नव्या मालकांनी पहिल्या गाडीचं चित्र जाहीर केलं होतं. उंच, चार दारांची, कुटुंबाने मॉलमध्ये जायची गाडी. नाकावर आमची विंडलेची खूण. दोन सीटच्या गाडीचं नावही नाही. लोक चिडले होते, काही रडकुंडीला आले होते. मी पाळीवर बसून ते सगळं वाचलं आणि बदकांकडे पाहायचं विसरले.

काकांना सांगावं की नाही, यावर वाटभर विचार केला. कोठ्यात ते कानस चालवत होते. सांगून टाकलं.

कानस थांबली. "दोन सीटवाली नाई?"

"नाही, काका."

त्यांनी पानावरचा कीस फुंकला. "बनवू दे. त्याईलेबी पोट आहे. चार दारांची विकतीन, पैसा येईन, मंग दोन दारांची बनवतीन."

सर हसायला लागले, मीही. फोरमवरच्या सगळ्यात आशावादी माणसाने रात्री तीन परिच्छेदांत हेच लिहिलं होतं.

दुपारपर्यंत पान तयार झालं. बारीक फटी बुजाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावली. लाख इथल्याच जंगलातली. इंजिनाचं डोकं बसलं, सरांनी मधल्या नटापासून बाहेर बाहेर जात एकेक नट मापून आवळला. पाणी, तेल, ताजं पेट्रोल, ट्रॅक्टरची बॅटरी. शेजारपाजारचे जमले होते. पोवारी, झाडीबोली, हिंदी, सगळ्या भाषांत सल्ले चालू होते.

पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा एक ठोका आणि शांत. काकांनी बोनेटमध्ये डोकं घातलं, काहीतरी सूतभर फिरवलं. "आता मारा."

तिसऱ्यांदा गाडीने पांढऱ्या धुराचा असा लोट सोडला की कोंबड्या छपरावर गेल्या. आणि मग तो आवाज आला, खर्जातला, जरा खरखरीत, माझ्या ओळखीचा. लोक ओरडले. सरांनी टोपी हवेत फेकली, ती गव्हाणीत पडली. काका मात्र इंजिनाकडे कान लावून उभे होते, डोळे मिटून. पाच मिनिटं. मग तेलाची काडी काढून पाहिली. तेल स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही.

"बसा, काकू," मी म्हणाले.

"मी कायले?"

"दोनच सीट आहेत. एक काकांची."

त्या आत गेल्या आणि हिरवं, जरीकाठी लुगडं नेसून आल्या. लाल गाडी पुढे, आमची हिरवी मागे. लाखोरीच्या शेतांमधून, मग तलावाकाठच्या रस्त्याने. मला काकूंचा फक्त अंबाडा आणि पदर दिसत होता. पदर वाऱ्यावर उडत होता आणि त्या तो धरत नव्हत्या. एका वळणावर त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "ट्रॅक्टर थोडी आहे हा! जोरात चालवा न!"

परत आल्यावर त्या उतरल्या, बोनेटवर हात ठेवून चटका बसतो का पाहिला आणि सांगितलं, "धान पडवीत ठेवू. धाबेवाल्याले फोन करून देतो, नाई म्हनून."

निघताना काकांनी सरांकडून कंपनीला पत्र लिहवून घेतलं. शब्द त्यांचेच, इंग्रजी सरांचं: तुम्ही कळवणार होता. आम्हीच कळवतो, गाडी चालू झाली आहे. दोन सीटवाली बनवाल तेव्हा आवाज हाच ठेवा.

सोमवारी नागपुरात परतले. तांब्याच्या पानाचे फोटो फोरमवर टाकले, तेव्हा मला वाटलं होतं चार लोक वा म्हणतील. आठवड्याभरात तिघांनी माप पाठवून विचारलं, आमच्यासाठी बनवतील का? न्यूझीलंडमधल्या एका बाईंची गाडी सोळा वर्षं उभी होती. काकांनी तिघांनाही बनवून दिलं. तांब्याचा पत्रा निवडायला भंडाऱ्याला काकू स्वतः गेल्या होत्या, असं कळलं. कंपनीकडून पत्राची पोच अजून नाही. चार दारांची गाडी विकायला निघाली म्हणतात, दोन सीटच्या गाडीवर विचार चालू आहे म्हणतात.

मला अजूनही ती यावी असं वाटतं. फोरम रोज उघडते. पण या प्रवासाआधी मी त्या बातमीकडे असं बघायची, जणू तिच्यावाचून माझी गाडी पोरकी आहे. ते गेलं.

परवा पेट्रोलपंपावर एका माणसाने गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "कौनसी कंपनी है, मॅडम?"

"विंडले."

"नाम नहीं सुना. बंद हो गई क्या?"

"नहीं भैया," मी चावी फिरवली. "चल रही है."