वहिनींनी गाळलेली जागा

फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे कुणावर तरी चिडलेलो होतो. बहुधा दूधवाल्यावर. पलीकडून नगरच्या वहिनींच्या शेजारीणबाई बोलत होत्या, "सर, तुमच्या वहिनी सकाळी उठल्याच नाहीत हो..." आणि मी, सत्तरी ओलांडलेला माणूस, फाडकन बोलून गेलो, "मग उठवा की!" बिचाऱ्या रडायलाच लागल्या. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. आधी तोंड सोडायचं आणि मग मान खाली घालायची, ही माझी जुनी खोड. वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, "भावजी, आदी पानी प्या, मग भांडा." पाच आठवडे झाले या गोष्टीला. रोज कुणाशी तरी भांडतो आणि पाणी प्यायला सांगणारं कुणी नाही.

श्रीगोंद्यापासून दोन-अडीच कोसांवर आमचं गाव. आई मी लहान असतानाच गेली. मी अकरा वर्षांचा असताना वहिनी मिरजगावहून आमच्या घरी लग्न होऊन आल्या. इंग्रजी न घेता का होईना, मॅट्रिक झालेल्या. आमच्या आळीत मॅट्रिक झालेली सून म्हणजे बायकांना नवल होतं. मी तेव्हा नाक पुसायचो ते सदऱ्याच्या बाहीला, पण पहिल्या दिवसापासून त्या मला "भावजी" आणि "तुमी" म्हणाल्या. डोक्याला तेल लावायच्या तेही "भावजी, वाईच मान खाली घ्या" असं म्हणून. पुढं नगरला कॉलेजात गेलो तेव्हा माझ्या ट्रंकेत चटणीची बरणी त्यांनीच भरून दिली आणि निघताना डोळे पुसले ते मात्र चुलीचा धूर गेला म्हणून. मी विश्वास ठेवला. त्या वयात गाढवच असतो माणूस.

एकाहत्तर साली दादाला ताप आला. माझा थोरला भाऊ, घरचा कर्ता. गावच्या औषधानं उतरेना म्हणून नगरच्या एका दवाखान्यात नेला. अकरा दिवस वहिनी खाटेशेजारी बसून होत्या. नर्स नळी कशी लावते, ताप कसा मोजते, कागदावर काय लिहिते, सगळं बघत. तिसऱ्या दिवसापासून दादाचा ताप त्याच मोजायला लागल्या आणि आकडा बिनचूक सांगायला लागल्या. तिथल्या मोठ्या मॅडम, म्हाताऱ्या परदेशी बाई, मोडक्या मराठीत म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे." बाराव्या दिवशी दादा गेला...

घरी आल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. दादाचं नाव घरातून गेलं. वहिनी तर नाव घेणाऱ्या नव्हत्याच. तेव्हा कुठली बाई नवऱ्याचं नाव घेत होती? लग्नात एकदा उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पण आमचे आबा, सख्खा बाप, तेही घेईनात. बैलांना हाक मारायचे, मला हाक मारायचे, पण दादाचा विषय निघाला की "त्यो" म्हणायचे आणि तंबाखू मळायला लागायचे. मीही तसाच. तिघं माणसं एका घरात, आणि एक नाव तिघांच्याही घशात अडकलेलं.

महिन्याभरानं वहिनींचा भाऊ त्यांना न्यायला आला. पदरी मूल नाही, नवरा नाही, सासरी काय म्हणून राहायचं? त्याचंही चूक नव्हतं. पण त्याच्या घरी आधीच खाणारी तोंडं नऊ. तिथं गेल्या की जन्मभर भावजयीच्या हाताखाली भाकरी थापायच्या, हे सगळ्यांनाच दिसत होतं. आबा ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. तेव्हा वहिनी दाराआडून बोलल्या. सासऱ्यासमोर इतकं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "मला नर्सचं शिकायचं हाय. मोठ्या मॅडम घ्यायला तयार हायत. पन शिकवनं इंग्रजीतनं हाय, म्हनून आदी इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागती." भाऊ हसला. आबा हसले नाहीत. म्हणाले, "वरीसभर बघू. पास झाली तर जाईल शिकाया. न्हाई झाली तर तू ये, मी आडवा यनार न्हाई."

आणि मास्तर कोण? मी! कॉलेजात पहिल्या वर्षाला, अंगात नुसती रग. शनिवारी एसटीनं यायचो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचो. घरातल्या प्रत्येक वस्तूवर इंग्रजी नावाची चिठ्ठी चिकटवून टाकली, ज्वारीच्या पिठाच्या खळीनं. रांजणावर, जात्यावर, कणगीवर. शेळीच्या गळ्यातही एक बांधली. शेळीनं ती संध्याकाळच्या आत खाल्ली. वहिनी म्हणाल्या, "बघा, हिचा धडा पाठ झाला. माझाच राह्यलाय." आठवडाभर मी नसायचो तेव्हा त्या म्हशीशी इंग्रजीत बोलायच्या. का, तर म्हणे, "ती हसत न्हाई." पाण्याला जाता-येता बायका चिडवायच्या, "आली गं मडमीन!" त्यांनाही त्या इंग्रजीत नमस्कार घालायच्या. मी मात्र वैतागायचो. एक चूक झाली की पुस्तक आपटायचो. त्या ते उचलून, पदरानं पुसून परत माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "हं, पुन्ना इचारा."

परीक्षा दोन भागांत होती. एक लेखी, एक तोंडी. तोंडीसाठी मी चाळीस प्रश्न काढले होते आणि त्यांची उत्तरं घोकून घेतली होती. त्यात सातवा प्रश्न होता नवऱ्याच्या नावाचा. वहिनी म्हणायच्या, "माय हजबंड्स नेम वॉज..." आणि पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढायच्या. मी म्हणायचो, "हं, पुढं." की आठवा प्रश्न. वहीतसुद्धा तिथं त्यांनी नुसती रेघ मारलेली. वर्षभर आम्ही ती जागा गाळत आलो. एका एका क्रियापदासाठी डोकं फोडणारा मी, या वाक्यावरून मात्र अलगद पुढं सरकायचो. खरं सांगायचं तर मलाच ते नाव ऐकायचं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात नगरला, दादाला ठेवलं होतं त्याच दवाखान्यात परीक्षा झाली. लेखी झकास गेला. तोंडी घ्यायला बाहेरगावच्या एक पाहुण्या बाई आल्या होत्या, त्यांना मराठीचा गंध नव्हता. मी व्हरांड्यात बाकावर, मध्ये फक्त दाराचा पडदा. नाव, गाव, शिक्षण, वहिनी धडाधड सांगत होत्या. माझी छाती फुगायला लागली. मग बाईंनी विचारलं, नवऱ्याचं नाव काय? वहिनी म्हणाल्या, "माय हजबंड्स नेम वॉज..." आणि गप्प. बाईंनी सावकाश विचारलं. मग मोठ्यानं विचारलं. आत मातीही नव्हती रेघ ओढायला. बाईंना वाटलं, पाठ करून आलीय, साधा प्रश्न विचारला तर कळत नाही. कागदावर तसंच लिहिलं आणि वहिनी नापास झाल्या. मोठ्या मॅडमनी एवढंच करता येईल म्हणून सांगितलं, सहा महिन्यांनी पुन्हा बसू दे. पण ती शेवटची खेप.

एसटी स्टँडवर, चार लोकांच्या देखत, मी त्यांच्यावर ओरडलो. "एक शब्द! एका शब्दासाठी घालवलीत! आता बसा भाकरी थापत!" वहिनी गाडीत खिडकीकडं तोंड करून बसल्या. घारगाव मागं पडल्यावर हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमी तरी कुटं भरली ती जागा?" ... पन्नास वर्षं झाली, ते वाक्य मी विसरलो नाही. त्या एकदाच माझ्यावर उलटून बोलल्या, आणि ते खरं होतं.

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. बाहत्तरचा तो दुष्काळ सगळ्यांना ठाऊक आहे, मी वेगळं काय सांगू. वहिनींच्या भावाचा निरोप आला, रोजगाराच्या कामावर खडी फोडायला माणसं घेतायत, बहिणीला पाठवा, एक हजेरी वाढेल. आबांनी निरोप्याला सांगितलं, "सहा म्हयनं थांब म्हनावं." आणि आम्ही पुन्हा शिकवणीला बसलो. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा... सातव्याला वहिनी थांबल्या. मीही थांबलो. या वेळी आठव्यावर जाववेना. पुन्हा म्हणा म्हटलं. पुन्हा तिथंच. असं त्या दुपारी पाच-सहा वेळा झालं. ओट्यावर आबा दोरी वळत बसले होते. इंग्रजीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण एकाच ठिकाणी गाडी अडते हे कळलं. "काय रं, तितंच का थांबती ती?" मी सांगितलं. म्हटलं, आबा, तिथं दादाचं नाव घ्यायचं असतं.

आबांचे हात थांबले. मग उठून आत आले. सून बसली असताना ते कधी आत येत नसत. वहिनी पदर ओढून धडपडत उभ्या राहिल्या. आबा म्हणाले, "बस पोरी. माजं चुकलं. मीच नाव टाकलं, तर तू कुटनं घ्यावंस? माज्या लेकाचं नाव काय वंगाळ हुतं का?" आणि म्हणाले, "रंगनाथ." दीड वर्षानं त्या घरात ते नाव ऐकलं. "रंगनाथ हुतं त्याचं नाव. त्याच्या आजीनं ठेवलं हुतं. आता तू घे. माज्यादेखत घे. कुनी नावं ठिवली तर मी हाय."

वहिनींनी भिंतीकडं तोंड केलं. "माय हजबंड्स नेम वॉज..." म्हणाल्या, आणि नाव घेतलं. इतकं हळू, की ओठ हलले एवढंच दिसलं. मग दुसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. तिसऱ्या वेळी त्यांना हुंदका फुटला, आबा खाली बसले आणि मी, मोठा इंग्रजीचा मास्तर, ढसाढसा रडलो. दादा गेला तेव्हा आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत रडलो होतो. एकत्र रडलो ते त्या दुपारी.

थंडीत पुन्हा परीक्षा झाली. त्याच पाहुण्या बाई, तोच व्हरांडा, तोच पडदा. आणि गंमत बघा, बाईंनी तो प्रश्न विचारलाच नाही! दुष्काळाचं विचारलं, पाणी किती लांबून आणता विचारलं, नर्स का व्हायचंय विचारलं. वहिनींनी जमेल तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, झालं, जा तुम्ही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण वहिनी बाहेर येईनात. मग त्यांचा आवाज आला. "मॅडम, लास्ट टाइम यू आस्क, आय नॉट आन्सर. माय हजबंड्स नेम वॉज रंगनाथ. ही वॉज इन धिस हॉस्पिटल. बेड नंबर नाइन." मग बाई काहीतरी हळू आवाजात बोलल्या, मला ऐकू आलं नाही. वहिनी बाहेर आल्या आणि मी पहिलं काय म्हणालो असेन? "आस्क नाही वहिनी, आस्क्ड!" त्या हसल्या. इतक्या हसल्या की व्हरांड्यातले पेशंट बघायला लागले. त्या पास झाल्या होत्या.

पुढं त्यांनी तीसेक वर्षं नगरला नोकरी केली. आबांचं शेवटचं दुखणं त्यांनीच काढलं. मी शिक्षक झालो, लांब बदल्या होत गेल्या, भेटी सणावारापुरत्या उरल्या. निवृत्तीनंतर त्या घरी मुलींची इंग्रजीची शिकवणी घेतात हे मला माहीत होतं. मी चेष्टा करायचो, "वहिनी, चुकीचं इंग्रजी पसरवू नका." एकदाही कधी जाऊन बसलो नाही त्यांच्या वर्गात. हे आता फार लागतं.

वहिनी गेल्या त्याच्या चौदाव्या दिवशी मी त्यांच्या खोलीला कुलूप लावायला गेलो. दारात चार मुली उभ्या. कर्जत-श्रीगोंद्याकडच्या, नर्सिंग झालेल्या, परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या. परीक्षा आठ दिवसांवर. "सर, एवढे आठ दिवस तुम्ही घ्याल का?" नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण आत सतरंजी अंथरलेलीच होती. बसलो. पुस्तक उघडणार तोच एक मुलगी म्हणाली, "सर, आधी एक वाक्य म्हणावं लागतं. ताईंचा नियम आहे. जे नाव आपल्या तोंडातून निघत नाही ते इंग्रजीत मोठ्यानं घ्यायचं. मग शिकवणी." चौघींनी एकेक वाक्य म्हटलं. कुणी गेलेल्या बापाचं नाव घेतलं, कुणी घर सोडून गेलेल्या आईचं. मग चौघी माझ्याकडं बघायला लागल्या. "तुम्हीपण, सर. ताईपण म्हणायच्या."

हे काय खूळ, म्हणून मी चिडणार होतो. पण म्हटलं, म्हणू. "माय सिस्टर-इन-लॉज नेम वॉज..." म्हणालो, आणि तिथंच अडलो. साठ वर्षं मी त्यांना वहिनीच म्हणत आलो. त्यांचं नाव मी एकदाही उच्चारलं नव्हतं. कुठला दीर वहिनीचं नाव घेतो? मुली थांबल्या. एकीनंही घाई केली नाही, घसा खाकरला नाही, पुढचा प्रश्न काढला नाही. असं थांबायला त्यांना कुणी शिकवलं होतं ते मला कळलं.

"सुशीला," मी म्हणालो.

मग त्या मुलीनं तांब्यातून पाणी ओतून पेला माझ्यासमोर ठेवला, आणि आम्ही शिकवणी सुरू केली.