ईशान्येला दार असलेली शाळा

आमच्या न्यूफाउंडलंडात माणसं घर सोडून जात नाहीत, घर घेऊन जातात. खाडी गोठली की घराखाली ओंडके सरकवायचे, दोर बांधायचे आणि चाळीस जणांनी गाणी म्हणत बर्फावरून ओढायचं. आत चूल पेटलेली, वर चहाची किटली. मी अशी चार घरं ओढलीत. पाचव्याला नुसताच ओरडत होतो, पण ते कोणाला सांगू नका.

म्हणूनच सायलस गॉस जानेवारीत म्हणाला, "तुमची शाळा दुरुस्तीला नेतो," तेव्हा आम्हीच ती ओढून त्याच्या पलीकडच्या खाडीत पोचवली. गाणी म्हणत! गॉस म्हणजे तिथला बडा व्यापारी, सरकारी शाळा मंडळाचा प्रमुख; सगळे त्याला मानाने 'स्किपर' म्हणायचे. त्याने शाळेला पांढरा रंग फासला आणि सरकारकडून 'नवीन शाळा, नवीन लाकूड' म्हणून रक्कम उचलली. आमची पोरं घरी बसली.

मार्चमध्ये त्या रकमेची पावती आंब्रोस पिनच्या हाती लागली. आंब्रोस आमच्याच खाडीतला, राजधानीत वसाहतीचे सरकारी हिशेब तपासणारा कारकून. त्याच्या कचेरीतल्या विलायती साहेबाला त्याची एक खोड भारी खुपायची: पावतीतली वस्तू तो जाऊन बघायचा. "पिन," साहेब म्हणायचा, "सहीला पाय लागत नाहीत."

आंब्रोस पाय घेऊनच आला. मीच त्याला गॉसकडे नेलं.

"काय, आंब्रोस? आहे ना नवीकोरी?"

"स्किपर, ईशान्येच्या वाऱ्याकडे दार करून कोण बांधतं? दारावर छातीएवढा बर्फ आहे. पोरं खिडकीतून आत जातायत."

"सुतार चुकला."

"सुतार माझा बाप होता. आमच्याकडे हे दार डोंगराच्या आडोशाला होतं. ओढून आणलीत, ती फिरवायचीही तसदी घेतली नाहीत."

गॉस हसला. हसू शकत होता! आंब्रोसचा अहवाल वाचून साहेब एवढंच बोलला, "कागदाला कागद जुळतो. सही कर." बरोबरच आहे, गव्हर्नरच्या मेजवानीत साहेबाची खुर्ची गॉसच्या शेजारी असायची. अजून आठवलं की माझा चहा कडू होतो, कितीही काकवी घाला.

आंब्रोसने सही केली नाही. नोकरी गेली. आठवड्याने तो आमच्या खाडीतल्या ट्रायफीना काकीच्या स्वयंपाकघरात उभा होता; घरं ओढायचे दोर तिच्याकडेच असायचे.

"काकी, दोर कुठेत?"

"मेल्या, आधी टोपी काढ. बर्फ मऊ पडायला लागलाय."

"म्हणूनच. चार दिवसांत खाडीवरचा बर्फ फुटेल. मग शाळा कायमची तिकडेच."

दुसऱ्या सकाळी आम्ही गेलो. गंमत म्हणजे पलीकडच्या खाडीतले बापेही दोराला लागले. त्यांना खरोखरची नवीन शाळा हवी होती. गॉस किनाऱ्यावर नाचत होता, "सरकारी मालमत्ता आहे ती! तक्रार करीन!"

आंब्रोसने खांद्यावरचा दोर सोडला नाही. "करा की, स्किपर! शाळा पळवली म्हणा. पण कुठली पळवली, नवीन की जुनी, तेही लिहा. मग साहेबाला बघायला यावं लागेल."

गॉस पाठ फिरवून घराकडे चालू लागला. बर्फ पायाखाली कुरकुरत होता, दोनदा पाणी वर आलं. काकी आत चुलीपाशी बसून आम्हाला शिव्या घालत होती. दुपारी शाळा घरी पोचली.

गॉसला पुढच्या वर्षी सरकारी पदक मिळालं. आंब्रोस मरेपर्यंत मासळी खारवत राहिला. पण त्या दिवशी दमून पडलेल्या आम्हाला त्याने पुन्हा उठवलं होतं: दार आडोशाला येईपर्यंत शाळा फिरवायला.