घराची हजेरी

सन १९५६, मार्च महिना, बाजाराचा बुधवार, सकाळचे आठ. ठाण्याच्या ओसरीवर हजर: दौऱ्यावर आलेले पोलीस साहेब, ठाणेदार, दोन शिपाई, गावचा कोतवाल, निगराणीच्या यादीतले नऊपैकी नऊ जण, आणि रजिस्टर घेऊन उभा असलेला मी.

नऊपैकी नऊ, असं मी त्या दिवशी साहेबांना सांगितलं. खरे आठच होते. नववा माणूस यादीतला नव्हता, आणि ते मला चार महिन्यांपासून माहीत होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. भामरागडच्या वाटेवर, नदीच्या अलीकडे, आमचं लहानसं ठाणं होतं. तिथे मी मोहरीर होतो, म्हणजे ठाण्याची सगळी लिखापढी करणारा शिपाई. गावाचं आणि माणसांचं नाव इथे लिहीत नाही. त्या लोकांची नावं मी एकदा सरकारी कागदावर लिहिली, तेवढं पुरे झालं.

निगराणीची यादी काय असते ते आधी सांगतो. ज्याच्यावर कधीतरी गुन्हा शाबीत झाला, त्याने दर बाजारी ठाण्यावर येऊन तोंड दाखवायचं. आमच्या यादीत कोणी डाकू नव्हता. बहुतेक जंगलचोरीचे होते. त्यातला एक सव्वीस वर्षांचा गोंड तरुण. घराच्या आढ्यासाठी त्याने राखीव जंगलातलं एक सागाचं झाड पाडलं होतं आणि अडवायला आलेल्या गार्डाला ढकललं होतं. त्याचं गाव नदीपलीकडे, सहा कोसांवर. घरात म्हातारी आई, थोरला भाऊ, भावजय आणि हा. या दोघांना मी थोरला आणि धाकटा म्हणेन.

मी येण्याआधी हजेरी दुपारपर्यंत चालायची. मी ती अर्ध्या तासावर आणली. ज्याचं गाव सगळ्यात लांब त्याचं नाव आधी, म्हणजे त्याला बाजार करून उजेडात घरी पोचता यावं. रांजण ओसरीत आणून ठेवला, पाणी प्यायला परवानगी लागत नाही असं शिपायांना बजावलं. लोकांना हे आवडलं. हळूहळू यादीत नसलेलेही ओसरीवर टेकू लागले. कोणाची बकरी चोरीला गेली, कोणाचा बांध फोडला, ते बोलता बोलता कळायचं. कोणी टेंभरं, तेंदूची पिकली फळं, आणून माझ्या टेबलावर ठेवायचं. स्वराज्यातले पोलीस असे असावेत, असं मी मनाशी म्हणायचो. माझ्या रजिस्टरात लाल शाईने ‘गैरहजर’ असा शेरा कुठेच नव्हता, याचा मला त्याहून जास्त अभिमान होता.

दिवाळीनंतर धानाची कापणी लागली. एका बुधवारी मी धाकट्याचं नाव पुकारलं आणि भलत्याच माणसाने हात वर केला. चाळिशीचा, केस पिकू लागलेला.

“हाव,” तो म्हणाला.

“तू कोण?”

त्याने घराण्याचं नाव सांगितलं. त्याला बाजारापुरती मराठी यायची, पुढचं कोतवालाने सांगितलं. “थोरला भाऊ आहे जी त्याचा. असू द्या न. त्याईच्यात असंच राह्यते. गायता घर पुकारते, माणूस नाई.”

गायता म्हणजे त्यांचा गावप्रमुख. गावाचा बांध घालायचा असो की शिकारीला निघायचं असो, तो एकेका घराचं नाव घेतो आणि त्या घरातलं जे मोकळं असेल ते माणूस उठून येतं. बाप, भाऊ, बायको, कोणीही. घर आलं म्हणजे झालं. त्यात लपवाछपवी कसलीच नाही.

धाकटा हाताने चपळ, कापणीला तो हवा होता. म्हणून थोरला आला होता. मी रजिस्टरात ‘हजर’ लिहिलं.

गैरहजर लिहिलं असतं तर रिपोर्ट करावा लागला असता, शिपाई सहा कोस पाठवावा लागला असता, आणि माझं पान डागाळलं असतं. आपण दयाळूपणा करतो आहोत असं मी स्वतःला सांगितलं. त्यात आळस आणि मिरवण्याची हौस किती होती ते मला आता दिसतं.

कापणी संपली तरी बहुतेक थोरलाच यायचा. आमची थट्टा चालायची.

“आज घरून कोण?” मी विचारायचो.

“आज मी,” तो हसून म्हणायचा.

“अन् धाकटा?”

“बांबू तोडाले गेला. त्याले इथी येयाचा कंटारा येते. मले बाजार आवडते.”

“तुझी बायको येईल का एखाद्या बुधवारी?”

“तिले नोका बोलावू जी. ते आली तं तुमचीच हजेरी घेईन.”

शिपाई हसायचे, तोही हसायचा. हे सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या चालायचं.

आता त्या मार्चमधल्या बुधवारी येतो. साहेबांनी माझं रजिस्टर चाळलं, “छान ठेवलं आहेस” म्हणाले आणि हजेरी घ्यायला सांगितली. मी नावं पुकारली. थोरल्याने नेहमीसारखा हात वर केला. साहेब वर्णनाचा रकाना वाचत होते. वय सव्वीस, उजव्या कानाची पाळी फाटलेली. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही कान धड होते.

“मोहरीर, याचा कान कोणी शिवला?”

शिपाई हसले. थोरलाही हसला. त्याला वाटलं, ही नेहमीचीच थट्टा आहे. साहेबांनी ठाणेदारांना विचारलं, ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुला माहीत होतं का?” साहेबांनी विचारलं.

थोरला माझ्याकडेच पाहत होता, निवांत. आता मोहरीर समजावून सांगेल, अशा चेहऱ्याने. मला त्या घटकेला वेतनवाढ दिसली, बदली दिसली, आणि साहेबांनी नुकतंच म्हटलेलं ‘छान’ परत घेतलेलं दिसलं.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “याने फसवलं.”

कोतवाल खाली मान घालून आपले पाय पाहू लागला.

थोरल्याला कोठडीत घातलं. त्याचं बयान मीच लिहिलं. भावाच्या नावाला हात का वर केलास, असं विचारल्यावर तो जे बोलला ते कोतवालाने मराठीत सांगितलं: “घराचं नाव घेतलं. घर हजर होतं.” मी लिहिलं: भावाच्या नावाने हजर राहून पोलिसांस फसविल्याचे कबूल करतो. नियमाप्रमाणे ते वाचूनही दाखवलं, पण इतक्या भरभर की कोतवालाला ते त्याच्या भाषेत सांगताच आलं नाही. थोरल्याने अंगठा दिला. मग शाई कुठे पुसावी म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. मी चिंधी दिली. “बरं,” तो म्हणाला.

मोहाचा हंगाम नुकताच लागला होता. ज्यांना तो भाग माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो: मोहफुलं पहाटेपासून गळतात, पंधरा-वीस दिवस. ज्या सकाळी गळली त्याच सकाळी वेचावी लागतात, नाहीतर हरणं आणि अस्वलं खातात, उरलेली उन्हाने कुजतात. वेचून वाळवून ठेवलेली फुलं पावसाळ्यात, वाटा बंद झाल्यावर, पोटाला लागतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. दुसरं घर त्याखाली हात घालत नाही, झाड तसंच राहिलं तरी नाही. त्या घराची पाच झाडं होती आणि म्हातारी धरून चार माणसं. आता तीन उरली.

दुसऱ्याच दिवशी धाकटा आपणहून आला. फाटकी पाळी दाखवत म्हणाला, “मी आलो. आता त्याले सोडा.”

“बरं झालं आलास,” ठाणेदार म्हणाले, आणि त्यालाही आत घातलं. माझ्या वहीत आता एका घरातली दोन माणसं कोठडीत, आणि पाच झाडांखाली दोन बायका.

चौथ्या दिवशी त्यांची म्हातारी आई आली. सहा कोस चालून. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि कोतवालाला काहीतरी सांगू लागली. कोतवालाने तिलाच म्हटलं, “तू सांग न बाई, मराठीत सांग.”

ती माझ्याकडे वळली. “भाऊ, तुमाले आमच्या घरचं एक मानूस पाहिजे न? मी बसतो इथी. माह्यानं आता वाकवत नाई, फूल वेचता येत नाई. त्याईले सोडा. मोह गळून राह्यला.”

एक शिपाई म्हणाला, “बुढे, तुले आत घातलं तं तुही चाकरी कोन करीन? ठानेदार?”

सगळे हसले. मीही हसलो. तिला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. तिचा हिशेब सरळ होता: घराने ठाण्याचं काही देणं लागत असेल तर घरातलं सगळ्यात कमी कामाचं माणूस घ्या. ती दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिली. मी तिला रांजणातलं पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही. ऊन ओसरल्यावर उठली आणि गेली.

नवव्या दिवशी दोघांना तहसिलीच्या कोर्टात नेलं. धाकट्याला ताकीद देऊन सोडलं. थोरल्यावर दुसऱ्याच्या नावाने हजर राहण्याचा गुन्हा होता. तिथे त्याला पहिल्यांदा नीट विचारलं गेलं. तो म्हणाला, “मोहरीरले विचारा. त्याले माहीत आहे.” तक्रारीच्या सुरात नाही. साक्षीदार पुढे करावा तसा त्याने मला पुढे केला.

मला विचारलं. मी शपथेवर सांगितलं की मला माहीत नव्हतं.

एक महिना कैद झाली. त्याला चांद्याच्या तुरुंगात पाठवलं. धाकटा घरी पोचला तेव्हा मोह संपत आला होता. त्या पावसाळ्यात त्या घराने काय खाल्लं, ते मला ठाऊक नाही. मी गावागावातल्या बंदुका, विहिरी, कोतवालांची मुलंसुद्धा लिहून ठेवणारा माणूस. एवढं एक विचारलं नाही.

त्यानंतर ठाण्यावर कोणी भांडायला आलं नाही, दगड मारला नाही. फक्त बाजाराला जाणारे लोक नाल्याच्या कडेने, लांबच्या पायवाटेने जाऊ लागले. रांजण मी बुधवारी सकाळी भरायचो आणि गुरुवारी तसाच ओतून द्यायचो. हजेरीला यादीतले नऊ जण यायचे, प्रत्येक जण स्वतः. थोरला सुटून गेला, पण बाजारात मला तो पुन्हा कधी दिसला नाही. धाकटा यायचा. नाव घेतलं की “हाव” म्हणायचा, आणि त्याच्या पुढे एक शब्द नाही. टेंभरांचा हंगाम आला आणि गेला, टेबलावर काही आलं नाही.

एकदा कोतवालाला मी विचारलं, “लोक काही बोलतात का माझ्याबद्दल?”

“नाई जी,” तो म्हणाला. “तुमच्याबद्दल कोनी बोलतच नाई.”

ज्येष्ठात पलीकडच्या एका गावात अस्वलाने माणूस मारला. नियमाने त्याची खबर ठाण्याला यायला हवी. ती आली नाही. मला दोन महिन्यांनी एका मिठाच्या व्यापाऱ्याकडून कळलं, तोवर मातीही देऊन झाली होती. चोरीची, मारामारीची, कसलीच फिर्याद येईना. वर्षाअखेरीच्या तक्त्यात आमच्या ठाण्याचे गुन्हे निम्म्यावर आलेले दिसले. साहेबांनी शेरा मारला: शांत ठाणं, चोख काम. त्या शेऱ्यावर मला पुढची बढती मिळाली आणि माझी बदली झाली.

आता मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, हवालदार आहे, आणि अजून दर वर्षी करायच्या कामांची यादी करतो. नव्या शिपायांना शिकवताना सांगतो की बयान हळू वाचून दाखवा, दुभाष्याला वेळ द्या. ते लिहून घेतात. मी हे कुठे शिकलो ते त्यांना सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी रजा काढून तिकडे निघालो होतो. एसटीने नदीपर्यंत पोचलो. डोंगा चालवणाऱ्या नावाड्याला त्या घराबद्दल विचारलं. “थोरला आहे न जी,” तो म्हणाला. “बुढी गेली. चला, सोडतो तुमाले पलीकडे.” मी म्हणालो, पाणी फार दिसतं, पुन्हा येईन. पाणी फार नव्हतं. लोक गुडघाभर पाण्यातून डोक्यावर ओझी घेऊन येत होते.

परतताना मी स्वतःला कारणं दिली. म्हातारी तर गेली. थोरल्याला आता काय आठवत असेल. मग लक्षात आलं की ही कारणं त्या गावात चालणार नाहीत. तिथे घरातलं जे कोणी अंगणात असेल त्याला सांगितलं तरी ते घराला सांगितल्यासारखंच आहे. धाकट्याची बायको असेल, पोरं असतील, कोणीही. वाक्यही मोठं नाही: मला माहीत होतं, आणि मी कोर्टात खोटं बोललो. कोर्टालाही तेच लिहून द्यायचं आहे. त्या अर्जाचा मसुदा तयार आहे, सही आणि तारीख सोडून.

या वर्षीच्या यादीत नऊ कामं होती. कौलं फिरवून झाली, धाकट्या मुलीचा दाखला काढून झाला, भविष्य निर्वाह निधीचे कागद झाले. बाकीचीही झाली. नदीपलीकडचं राहिलं आहे.