न सांगता लावलेलं वेटोळं

"इस्क्राताई, चित्र पुन्हा फाटलं! तुमच्या भावाचं रक्त थांबत नाहीये आणि प्लोव्दिवच्या सर्जनना पडद्यावर काही धड दिसत नाही!"

फोनवर दवाखान्यातली नर्स होती. घाट बर्फानं बंद, म्हणून प्लोव्दिव शहरातले सर्जन दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरला लाइनवरून वाट दाखवत होते. ती लाइन सांभाळणारी इस्क्रा डोंगरावरच्या केंद्रात एकटी होती.

लाइनच्या काचेच्या तारेतून प्रकाश भरपूर येत होता. जोड पुसून झाले होते. मग घोडं अडलं कुठं? अशा तारेत प्रकाशाचे सगळे रंग एका चालीनं चालत नाहीत. लांबच्या पल्ल्यात पुढेमागे होतात आणि चित्र वाहून नेणाऱ्या प्रकाशाच्या खुणा एकमेकींत मिसळतात. म्हणून उलट्या गुणाच्या तारेचं एक वेटोळं लावून त्यांना पुन्हा एकत्र आणतात. तिनं ते परवाच बसवलं होतं. संथ वेगात सगळं निभावलं, पण चित्रासाठी आज सकाळी वेग वाढवला आणि बोंब झाली.

तिनं मोजणी केली. रंग फाकले होते खरे, पण उलट्या बाजूला! म्हणजे भरपाई दुप्पट झाली होती; कुणीतरी आणखी एक वेटोळं लावलं होतं.

दुसरं कोण असणार? खालच्या केंद्रातला मानोलकाका! या डोंगरात शेजाऱ्याचं काम गुपचूप उरकून टाकतात आणि विचारलं तर कानावर हात ठेवतात. कबूल करणं म्हणजे उपकार दाखवणं. काय म्हणावं या लोकांना!

तिनं दुसऱ्या फोनवरून त्याला गाठलं. "काका, तुम्ही वेटोळं लावलंत?"

"मी? छे गं! मी कशाला लावू?"

"काका, खरं सांगा!"

"नाही म्हटलं ना पोरी."

त्यानं खरंच लावलं नसेल आणि तिनं आपलं वेटोळं काढलं, तर उरलेलं चित्रही जाणार होतं. इस्क्रा किंचाळली, "माझा भाऊ यावोर मरतोय तिकडे! चुलीत घाला तुमची रीत!"

"लावलंय," तो पुटपुटला. "तुला वेटोळ्याचं एवढं जड खोकं वर न्यायला नको म्हणून."

तिनं आपलं वेटोळं काढून तार सरळ जोडली. तेवढा वेळ दवाखान्यातला पडदा काळा होता.

मग नर्स ओरडली, "दिसतंय! सर्जन म्हणतात, थोडं डावीकडे... सापडली रक्तवाहिनी! बांधली! थांबलं रक्त!"

मानोलकाका दुसऱ्या फोनवर तसाच थांबला होता.

"वाचेल तो, काका."

"इस्क्रा," तो म्हणाला, "तू ओरडली नसतीस, तर मी नाहीच म्हणत राहिलो असतो गं."

फोन कानाशी धरून ती नुसती रडत राहिली.