चौकशीचा खर्च

नोकरीतली बरीच प्रकरणे आता विसरलो. हे एक मात्र विसरता येत नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. बी.एस्सी.च्या परीक्षा चालू होत्या. असोद्याचे एक शेतकरी मुलीला घेऊन ठाण्यात आले. मुलगी शेवटच्या वर्षाला होती.

"साहेब, माझ्या शेजारच्या बाकावरचा मुलगा रोज कोरी उत्तरपत्रिका देतो आणि हसत बाहेर पडतो," ती म्हणाली.

"पोरीचं नाव कुठे येऊ देऊ नका," वडिलांनी हात जोडले. मी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर मी तासाभराने दोन पंच घेऊन परीक्षा केंद्रावर गेलो. त्या मुलाची आदल्या दिवशीची उत्तरपत्रिका काठोकाठ भरलेली होती. कडेला तपकिरी डाग होते. आणखी काही उत्तरपत्रिकांवरही तसेच. पंचनामा करून कॉलेजच्या शिपायाला ठाण्यात आणले. तो धुळ्याकडचा, घाबरट माणूस होता.

"हा डाग कशाचा?"

"शाईचा असंल, साहेब."

"शाई पुसट तरी होते. हा केळीचा चीक आहे. कॉलेजात केळी कुठून आली?"

मी चहा मागवला. त्याने कप हातात घेतला आणि तो रडायलाच लागला. सगळे आपल्याला ठाऊक नाही, असे त्याच्या अहिराणीत सांगू लागला.

"माले बठ्ठं माहीत नही, साहेब. मी नुसता गठ्ठा पोहोचाडस."

गठ्ठा सावद्याच्या रस्त्यावर केळीच्या एका वखारीत जात होता. तिथे आम्ही दोन प्राध्यापक घडांच्या ढिगाआड उत्तरे लिहिताना पकडले. दोषारोपपत्र गेले. माझे काम तिथे संपले, असे मला वाटले.

मग सरकारची चौकशी समिती आली. मुलीचे नाव मी कागदावर कुठे घेतले नव्हते, तरी समितीने ते शोधून काढले आणि तिला प्राचार्यांच्या खोलीत सगळ्यांदेखत बोलावून जबाब घेतला. चौकशीचा सगळा खर्च विद्यापीठाने भरावा, असा आदेश निघाला. ज्याचा दोष त्याने भरावे, मलाही ते पटले होते. विद्यापीठाने तो खर्च कॉलेजवर ढकलला आणि कॉलेजने फलकावर नोटीस लावली: प्रत्येक विद्यार्थ्याने चौकशी शुल्क भरल्याशिवाय निकालपत्र मिळणार नाही.

मुलगी पुन्हा आली, या वेळी एकटीच.

"साहेब, वर्गातलं कोणी माझ्याशी बोलत नाही. म्हणतात, तुझ्यामुळे भरावं लागतंय. कोऱ्या उत्तरपत्रिका देणारेही तेच म्हणतात."

मी प्राचार्यांना भेटलो. "वरून आलंय, साहेब," ते म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. विद्यापीठातही मला हेच उत्तर मिळाले. माझ्याकडे यासाठी कुठलेच कलम नव्हते. मुलीने शुल्क भरले, निकालपत्र घेतले आणि पुढच्या शिक्षणासाठी धुळ्याला मावशीकडे गेली. जाताना ठाण्यात आली नाही.

गुन्हा उघडकीला आणणे सोपे असते. त्याची झळ शेवटी कोणाला बसणार, हे पोलिसाच्या हातात नसते. पुढे कोणी खबर द्यायला आले की मी आधी दार लोटून घ्यायचो आणि विचारायचो, "याचा त्रास तुम्हालाच होईल. चालेल का?" काही जण उठून जायचे. मी त्यांना थांबवत नसे.