पहिले अकरा सेकंद

व्हीसीडी लावल्यावर गाणी सुरू होण्याआधी कंपनीचं एक चित्र पडद्यावर फिरायचं. ते कोणी काढलं असेल, असं तुमच्या मनात कधी आलं का? की रिमोटचं बटण दाबून तुम्ही थेट पुढे गेलात?

मी पुढे जायचे. दर वेळी. त्यामुळे या लिखाणातला पहिला राग माझ्या वाट्याचा आहे.

आम्ही सालवडला चाळीत राहायचो. बाबा बीडकडून तारापूरच्या कारखान्यात कामाला आलेले. सुट्टीच्या दिवशी आमच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे पडायचे. ठेकेदारी, सांडपाणी, हातमोजे न मिळणं, प्रत्येक गोष्टीचं एक पत्रक. मी वाचायला शिकले ती 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवरून, आणि घड्या घालायला त्याच्याही आधी. 'बंधूंनो'च का, हा प्रश्न मी सातवीत असताना विचारला. तेव्हापासून बाबा 'बंधू-भगिनींनो' छापायला लागले. वाद घालायची सवय मला घरातूनच लागली.

शेजारच्या खोलीत मावशी राहायची. नात्याची नव्हे, चाळीची. विक्रमगडच्या वरच्या अंगाला तिचं घर आणि भाताचा लहानसा तुकडा. भात झोडून झालं की ती बोईसरला यायची, कारखान्यात पॅकिंगला लागायची आणि पेरणीला परत जायची. पहिल्याच वर्षी तिने तिच्या खोलीची भिंत गेरूने सारवली आणि बांबूच्या काडीने, तांदळाच्या पिठाने तिच्यावर माणसं उभी केली. मधोमध तारपा, म्हणजे भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य, वाजवणारा, त्याच्याभोवती कमरेला हात घालून वळत जाणारी नाचणाऱ्यांची साखळी. घरमालक ओरडला. बाबा त्याच्याशी भांडले आणि भिंत राहिली.

ती भिंत शेठने पाहिली. बोईसर स्टेशनबाहेर त्याचं दुकान होतं. पुढे झेरॉक्स आणि छपाई, मागे लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. बाबांची पत्रकं तिथेच छापली जायची. तो तेव्हा व्हीसीडी काढायला लागला होता. तारप्याचे नाच, कोळीवाड्यातली लग्नाची गाणी, गावोगावच्या हौशी नाटकांची शूटिंगं. मुंबईच्या कंपन्यांना या भागाचं काही पडलेलं नव्हतं आणि याला होतं, एवढं मी मान्य करते. पत्रकं पोचवायला तो स्वतः चाळीत आला आणि त्या भिंतीसमोर उभा राहिला.

"मावशी, हे हलेल का?"

"भित कशी हलंल, शेठ?"

"भिंत नाही गं. माणसं."

मग त्याने समजावलं. प्रत्येक कागदावर तेच चित्र, पण माणसं किंचित पुढे सरकलेली. एकेका कागदाचा फोटो घ्यायचा आणि भरभर दाखवायचा. मावशीने विचारलं, "कागद कोन देल?"

कागद आम्ही दिले. उरलेली, एका बाजूने कोरी पत्रकं. कोऱ्या बाजूला तिने गेरूचा हात फिरवला, त्यावर पांढऱ्या रंगाने माणसं काढली. साठेक कागद झाले. आमच्या खोलीत दोरीवर ते वाळत घातलेले मला आठवतात. मला तेव्हा त्या दोरीखालून वाकून जायचा कंटाळा यायचा. माझी आठवण इतकीच आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

शेठने तेव्हा चाळीतल्या सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "चित्राखाली मावशीचं नाव येणार."

पहिली डिस्क आली. टीव्ही असलेल्या एकाच खोलीत सगळी चाळ जमली. अकरा सेकंद. गेरूची जमीन, तारपावाला मधोमध, साखळी उलगडत त्याच्याभोवती वळते आणि खाली कंपनीचं नाव उमटतं. मावशीचं नाव नव्हतं. तारपाही ऐकू आला नाही, कीबोर्ड वाजला. मावशी हसून म्हणाली, "तारप्याच्या पोटात पेटी घातली याने." नावाबद्दल ती काही बोलली नाही. बाबा बोलले. शेठ म्हणाला, पुढच्या खेपेला नक्की.

त्या चित्रात आणखी एक गोष्ट होती. गेरू पातळ होता आणि कागद त्याहून पातळ. मागची छापील अक्षरं उलटी होऊन पुढे उमटली होती. साखळी फिरायची आणि तिच्या मागून आरशात दिसावीत तशी अक्षरं थरथरत जायची. डिस्क थांबवून नीट पाहिलं की 'कामगार' वाचता यायचं. बाबा ते पाहून गालात हसायचे. डिस्कवर जाहिरात देणाऱ्या एका कारखानदारानेही ते वाचलं, तेव्हा मात्र शेठला घाम फुटला.

म्हणून दुसरं चित्र आलं, कॉम्प्युटरवर केलेलं. शेठच्या स्टुडिओतला ऑपरेटर वापीहून आलेला. त्याने मावशीचीच माणसं घेतली आणि पावलं वळवून सगळ्यांना बघणाऱ्याकडे तोंड करून उभं केलं. "अरे, चेहरा नहीं दिखेगा तो पब्लिक को क्या मजा," असं तो मला पुढे हसत हसत सांगायचा. वारली चित्रांतल्या माणसांना नाक-डोळे नसतात. ज्यांना चेहराच नाही, त्यांना चेहरा दाखवायला वळवलं.

मावशीने ते पाहिलं आणि ती उठून बाहेर गेली. मी मागे गेले.

"तारप्याला पाठ दावायची नाय, पोरी," ती म्हणाली. "नाच कितीबी फिरू दे, तोंड त्याच्याकडं. याने सगल्यांना पाठ फिरवाया लावली. लोक म्हनतील हिला नाचच म्हाईत नाय."

नाव नाही याचं दुःख तिने गिळलं होतं. चुकीचं चित्र आपल्या हातचं समजलं जाईल, ही भीती तिला गिळता आली नाही.

पुढे तिसरं चित्र आलं. फिरणारा पृथ्वीचा गोळा, सोनेरी अक्षरं, वीज कडाडते आणि नाचणारे त्या गोळ्याला बांधलेल्या पट्ट्यावर मुंग्यांएवढे. मग डिस्क गेल्या, दुकान ऑनलाइन झालं आणि चौथं चित्र आलं. आताचं. केळव्याच्या प्रत्येक रिसॉर्टच्या भिंतीवर जशी साच्यातून काढलेली माणसं असतात, तशीच. गोल आहे, पण मधला तारपावाला काढून टाकलाय. लहान स्क्रीनवर गर्दी होते म्हणे. आता ती माणसं कोणाभोवतीच नाचत नाहीत.

यंदा शेठच्या मुलाने कंपनीच्या सगळ्या चित्रांचा इतिहास सांगणारा व्हिडिओ टाकला. त्यात दुसरं, तिसरं आणि चौथं चित्र आहे. पहिलं नाहीच. दुसऱ्यावर निवेदक सांगतो की ही मूळ कल्पना आणि रेखाटन आमच्या संस्थापकांचं, आदिवासी कलेवरच्या प्रेमातून आलेलं. खाली लोकांनी हात जोडलेत.

मी विक्रमगडला मावशीच्या घरी जाऊन तो फोनवर दाखवला. दाखवायला नको होता, असं अजून वाटतं. तिने फोन डोळ्यांजवळ धरला, पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा पाहिला.

"माजी मानसं हायत ती," ती म्हणाली. "पन पाठ त्याची."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. मुलगा माझ्याच वयाचा, नम्र, चहा मागवणारा. मी मावशीचं नाव सांगितलं, चाळ सांगितली, दोरीवर वाळणारे कागद सांगितले.

"ताई, मी नाही म्हणत नाही. पण पहिल्या लोगोची फाईल आमच्याकडेसुद्धा नाही. पप्पांना आता आठवत नाही. तुमच्याकडे आहे का काही?"

"तिच्याकडे डिस्क असेल."

"आणा. चालवून दाखवा, नाव टाकतो. बोललो ना." मग हसून म्हणाला, "नाहीतर काय, तुमच्या बाबांसारखं पत्रक वाटाल?"

मी चहा तसाच ठेवून उठले. शब्द पुराव्यात धरले जात नाहीत. साठ कागद हाताने रंगवणाऱ्या बाईला पुरावा मागितला जातो, आणि खोटं बोलणाऱ्या व्हिडिओकडे कोणी पुरावा मागत नाही.

मी पुन्हा मावशीकडे गेले आणि डिस्क मागितली. ती मला मागच्या शेतात घेऊन गेली. भात लोंबीवर आलं होतं. बांबूला बांधलेल्या चार डिस्क वाऱ्यावर फिरत होत्या. प्लेअर बिघडला तेव्हा पाखरं हाकलायला तिनेच त्या टांगल्या होत्या. आमच्या भागात सगळेच टांगतात, चिकूच्या वाडीत, भाजीच्या वाफ्यात. मी पहिली सोडवली. चंदेरी थर पापुद्र्यासारखा माझ्या बोटांना लागून आला. मागून आरपार आभाळ दिसत होतं.

"माज्याच हातानं," ती म्हणाली.

मी म्हटलं, चूक तुझी नाही. तिला ते पटल्यासारखं वाटलं नाही. मलाही सांगताना जोर आला नाही, कारण आमच्या घरातली डिस्क आम्ही खोली बदलताना भंगारात दिली होती आणि तो खोका मी स्वतः उचलून नेला होता.

त्यानंतर मी उमरोळीत घरोघर फिरले, सालवडच्या जुन्या चाळी पालथ्या घातल्या. डिस्क मिळाल्या. काहींवर चहाचे कप ठेवलेले, एक रिक्षाच्या आरशाला लटकवलेली. चालल्या त्यांच्यावर दुसरं चित्र होतं. पहिल्या चित्राच्या वेळची, लेबलवरून ओळखलेली, एकच मिळाली, तीही मधोमध तडकलेली, न चालणारी.

मावशीचं नाव मी इथे लिहीत नाही. तिनेच बजावलं, "नाव लिवायचं तं चित्राखाली. भांडनात नको." दुकानात ते नाव मी दिलेलं आहे. शेठच्या मुलाला ते माहीत आहे.

तेव्हा पत्रकच वाटते आहे. पालघर-बोईसरकडे तुमचं घर असेल, नातेवाईक असतील, तर टीव्हीखालचा कप्पा उघडा, माळ्यावरच्या पेट्या खाली काढा, वाडीत टांगलेल्या डिस्क उतरवा. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसा. कोणाच्या तरी जुन्या कॉम्प्युटरवर लावा आणि या वेळी पुढे पळवू नका. गेरूची जमीन, तारप्याकडे तोंड करून नाचणारी माणसं आणि त्यांच्या मागून सरकणारी उलटी अक्षरं दिसली, तर ती डिस्क घेऊन बोईसर स्टेशनबाहेरच्या त्या दुकानात जा. त्याच्या समोर लावा, अकरा सेकंद होऊ द्या आणि हे कोणी काढलं ते विचारा. चित्राखाली नाव आल्याशिवाय तिथून उठू नका.