संत्र्याच्या रंगाची बाटली

घरात तिला सगळे खोकेवाली म्हणायचे. दुकानात गेली की सामान घ्यायचं राहिलं बाजूला, ती डबे, पुडे, बाटल्या उलटसुलट करून बघत बसायची. नवरा मागच्या माणसाला म्हणायचा, "आमचं वाचन चाललंय, तुम्ही पुढे व्हा."

डबे आणि बाटल्या कशा दिसाव्यात, कशा उघडाव्यात, हे ठरवणं हाच तिचा धंदा. हॉलमध्ये खिडकीपाशी तिचं टेबल, आणि शेजारी आरामखुर्चीत सासरे. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला गमत्या माणूस. नवा नमुना आधी त्यांच्या हातात जायचा. झाकण निघालं नाही की म्हणायचे, "सूनबाई, आत काय आहे ते मी मेल्यावर कळणार का?"

फरशी पुसायच्या औषधाचं काम आलं, तेव्हा कारखान्याच्या मालकाची मागणी एकच होती. "बघताक्षणी उचलावीशी वाटली पाहिजे." बाजारातल्या बाकीच्या बाटल्या दवाखान्यातल्यासारख्या, निळ्या-पांढऱ्या. तिने पारदर्शक, कमरेत निमुळती बाटली काढली. आत नारिंगी औषध, वर कापलेलं संत्रं आणि त्यावर गार पाण्याचे थेंब. माल हातोहात खपला. मालकाने तोंडभरून कौतुक केलं.

एका दुपारी तिला स्वयंपाकघरातून ठसका ऐकू आला. सासरे ओट्याशी उभे, हातात पेला, डोळ्यांत पाणी. चष्मा खुर्चीतच राहिला होता, आणि ओट्यावर तिनेच ठेवलेली ती बाटली होती. घोट त्यांनी थुंकून टाकला होता, तरी भराभर चुळा भरायला लावून तिने त्यांना दवाखान्यात नेलं. पोटात काही गेलं नव्हतं, जीभ मात्र पोळली होती.

परत येताना सासरे जड जिभेने म्हणाले, "चव वाईट आहे गं. बाटली मात्र झकास."

तिला हसू आलं नाही. बघणाऱ्याला तहान लागावी म्हणूनच तिने ते थेंब काढले होते. म्हाताऱ्याला तहान लागली. बाटलीवरच्या चित्राने आपलं काम चोख केलं होतं, आणि हेच तिला टोचत राहिलं.

ती मालकाकडे गेली.

"मागे सूचना छापलीय ना?" त्याने विचारलं.

"छापलीय. मुंगीएवढ्या अक्षरांत. मीच छापलीय."

"मग झालं तर. माल खपतोय आणि तुम्ही बाटली बदलायला सांगताय?"

तिने वाद घातला नाही. "एक करा. ही घरी न्या, ओट्यावर ठेवा आणि कुणाला काही बोलू नका. लक्ष तेवढं असू द्या."

दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन आला. "आईने ती फ्रिजमध्ये ठेवली. पाहुण्यांसाठी म्हणे. नवीन कधी देताय?"

नवी बाटली जाड, आतलं न दिसणारी, करड्या रंगाची होती. दाबून फिरवल्याशिवाय झाकण निघायचं नाही. फळ गेलं, तिथे ओली फरशी आणि फडकं आलं, आणि समोरच ठळक अक्षरांत, "पिऊ नका." दुकानदारांनी ती खालच्या फळीवर सारली. खप पडला. मालक फोनवर कुरकुरायचा, ती ऐकून घ्यायची. ओल्या हातातूनही निसटू नये म्हणून तिने मूठ सुधारून दिली. हळूहळू गिऱ्हाइकं परत आली, पण पहिल्याइतकी कधीच नाही. पुढचं काम मालकाने दुसऱ्याला दिलं. तिला वाईट वाटलं. नाही असं नाही.

पुढे एकदा ती साबण घ्यायला गेली होती. पुढे उभ्या असलेल्या बाईने पैसे दिले आणि सामान भरायला घेतलं. पीठ, साखर, बिस्किटं एका पिशवीत गेली. करडी बाटली तिने हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि दुकानदाराला म्हणाली, "हिला वेगळी पिशवी द्या."